चॅप्लिनच्या आधीची मेबल

मागच्या अंकात मूकपटांबद्दलच्या एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की, अमेरिकन विनोदपटांची गोष्ट सांगताना मेबल नॉर्मंड या नटीचं नाव चॅप्लिनच्या आधी घ्यावं लागतं. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत एका खुनाची चौकशी आहे, उरलेल्यांत चॅप्लिनची वकिली. तेव्हा या वेळचं सदर सगळं मेबलला देऊन टाकते. पत्रं आटोपशीर केली आहेत, रोख बदललेला नाही.

प्रश्न : ‘चॅप्लिनच्या आधी’ म्हणजे नेमकं किती आधी? की लिहिण्याच्या भरात लिहून गेलात?

भरात नाही हो, तारखा बघून लिहिलं. चॅप्लिन कीस्टोन कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला १९१४च्या जानेवारीत. मेबल १९१० पासून पडद्यावर होती. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची, सुताराची मुलगी, जन्म १८९२चा. (थडग्यावर १८९५ कोरलंय. नट्यांची वयं दगडावरही कमी होतात.) वयाची विशी गाठायच्या आधीच ती चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसायची, ज्याच्या चित्रांतल्या ‘गिब्सन गर्ल’ या तरुणीची तेव्हा अमेरिकाभर नक्कल चालायची, त्या चार्ल्स डॅना गिब्सनसाठीही बसली. तिथून व्हायटाग्राफ ही चित्रपट कंपनी, मग बायोग्राफ या दुसऱ्या कंपनीत दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली.

ग्रिफिथने तिला रडवलंही. ‘हर अवेकनिंग’ या १९११च्या छोट्या चित्रपटात म्हाताऱ्या आईची लाज वाटणारी मुलगी तिने केली आहे, आणि शेवटी तिचा पश्चात्ताप बघून आपला घसा दाटतो. पण त्याच बायोग्राफमध्ये मॅक सेनेट हा धसमुसळा गडी विनोदी चित्रपट काढत होता. या मुलीला पोहता येतं, पाण्यात सूर मारता येतो आणि कशाचीही भीती वाटत नाही, हे त्याने हेरलं. ‘द डायव्हिंग गर्ल’ १९११चा. ‘अ डॅश थ्रू द क्लाउड्स’ १९१२चा. त्यात ती राइट बंधूंच्या बनावटीच्या, उघड्या, काटक्याकुटक्यांच्या विमानात बसून खरोखर उडते. विमान चालवणारा फिलिप पार्मली खराखुरा वैमानिक होता. चित्रपट लागायच्या आधीच तो दुसऱ्या एका उड्डाणात अपघाताने गेला. यावरून जोखमीचा अंदाज यावा.

१९१२मध्ये सेनेटने कीस्टोन काढली तेव्हा मेबल त्याच्याबरोबर गेली. २३ सप्टेंबर १९१२ला कंपनीचे पहिले दोन चित्रपट एकाच रिळावर आले. त्यातल्या ‘द वॉटर निम्फ’ची नायिका मेबल. वर्ष संपायच्या आत ‘मेबल्स लव्हर्स’, ‘मेबल्स ॲडव्हेंचर्स’, ‘मेबल्स स्ट्रॅटेजम’ येऊन गेले होते. नटांची नावं पडद्यावर द्यावीत की नाही, यावर कंपन्या अजून कां-कूं करत होत्या, आणि इथे नाव थेट शीर्षकात! चॅप्लिन तेव्हा फ्रेड कार्नोच्या मंडळीबरोबर अमेरिकेत गावोगाव रंगमंचावर दारुडा वठवत फिरत होता.

प्रश्न : व्हायटाग्राफची फ्लोरा फिंच विसरलात वाटतं. तीही विनोदीच आणि मेबलइतकीच जुनी.

विसरले नाही, आणि तुम्ही आठवण काढलीत याचा आनंद झाला, कारण फार थोडे काढतात. फ्लोरा फिंच काटकुळी, लांब नाकाची. जोडीला अगडबंब जॉन बनी. ‘अ क्युअर फॉर पोकरायटिस’ आजही हसवतो. पण तिचा विनोद तिच्या अंगकाठीपासून सुरू व्हायचा. मेरी ड्रेसलर या धिप्पाड नटीचाही तसाच, फक्त उलट बाजूने. तोवरचा दंडक असा की विनोदी बाई एक तर फार बारीक हवी, फार जाड हवी किंवा वयस्क तरी हवी. देखणी मुलगी गोष्टीत असायची ती पळवून नेण्यासाठी.

मेबलने हा दंडक मोडला. ती देखणी होती आणि चिखलातही तीच पडायची. ज्या मुलीवर नायक भाळलाय तीच पुढच्या क्षणाला त्याला लाथ घालते, हे प्रेक्षकाला नवं होतं. तिला ‘पहिली’ म्हणायचं ते या अर्थाने.

प्रश्न : पडद्यावरचा पहिला कस्टर्ड पाय (क्रीमने भरलेला केकसारखा पदार्थ) मेबलने कुणाच्या तोंडावर फेकला हे खरं का?

खरं धरून चालू नका. दंतकथा अशी की १९१३च्या ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’मध्ये तिने जाड्या रॉस्को ‘फॅटी’ आर्बकलच्या तोंडावर कस्टर्ड पाय भिरकावला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. पण १९०९च्या ‘मिस्टर फ्लिप’मध्ये चकण्या बेन टर्पिनचं तोंड कस्टर्ड पायने आधीच माखलेलं आहे. रंगमंचावरच्या प्रहसनांत ते त्याच्याही आधी होत असणार.

मला या वादात रस नाही. मेबलच्या कामाचा हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच लोकांच्या लक्षात राहिलाय.

प्रश्न : चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिलंय की मेबलला दिग्दर्शनातलं कळत नव्हतं. तुम्ही तर तिला दिग्दर्शक म्हणता. कुणाचं खरं मानायचं?

आत्मचरित्र १९६४चं, घटना १९१४ची. मधे पन्नास वर्षं गेली आणि मेबल त्यातली चौतीस वर्षं मातीत होती. तिने आपली बाजू लिहून ठेवलेली नाही. एवढं लक्षात ठेवून वाचायला हवं.

आता घटना. १९१३च्या अखेरीस जाहीर झालं की मेबल यापुढे स्वतःच्या चित्रपटांचं दिग्दर्शन स्वतः करणार. वय एकवीस. (पहिली स्त्री दिग्दर्शक मात्र म्हणू नका, एका पत्रात तसं आलंय. ॲलिस गी आणि लोइस वेबर तिच्या आधीच्या.) पुढच्याच महिन्यात चॅप्लिन आला. त्याची ती ढगळ विजार, छोटी टोपी आणि काठी हा वेश ज्या चित्रपटासाठी पहिल्यांदा अंगावर चढला तो ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’, दिग्दर्शक मेबल. ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ दोन दिवस आधी लागला, ७ फेब्रुवारी १९१४ला, म्हणून पहिलेपणाचा मान त्याला मिळतो. सुरुवात मात्र मेबलच्या चित्रपटाची आधी झाली होती.

तो चित्रपट नीट बघा. हॉटेल आहे. मेबल रात्रीच्या कपड्यांत स्वतःच्या खोलीबाहेर अडकते आणि खाली दिवाणखान्यात प्यायलेला चार्ली झोकांड्या खात असतो. कीस्टोनच्या चित्रपटात कुणालाच उसंत नसे; शिपाई धावतात, कुत्री धावतात, पाठलाग संपला की रीळ संपतं. इथे त्या नवख्या नटाला कॅमेऱ्यासमोर ऐसपैस वेळ मिळालाय. बायकांसमोर सभ्यपणाचा आव आणायचा, अडखळायचं, टोपी उचलून माफी मागायची, पुन्हा अडखळायचं. चित्रपट मेबलच्या नावाचा, दिग्दर्शन मेबलचं. ती ही जागा त्याला नाकारू शकली असती. दिग्दर्शनातलं कळत नसणाऱ्या बाईचं हे लक्षण मला वाटत नाही.

भांडण झालं ते ‘मेबल ॲट द व्हील’च्या वेळी. मोटारशर्यतीचा चित्रपट. चॅप्लिनने पाण्याच्या नळीची एक गंमत सुचवली, मेबल म्हणाली वेळ नाही, ठरलंय ते कर. तो रुसून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि तुझ्याकडून सूचना घेणार नाही म्हणाला. हे त्याने स्वतःच लिहिलंय. ती वयाने लहान आणि देखणी, तिला मला शिकवायचा अधिकार कुठून, हा त्याचा सूर. सेनेट चिडून त्याला काढायच्या बेतात होता, तेवढ्यात न्यूयॉर्कहून निरोप आला की चॅप्लिनचे आणखी चित्रपट पाठवा, मागणी आहे. तिथे विषय मिटला.

बाहेरच्या कामात ऊन उतरायच्या आत दृश्य संपवायचं असतं. नट नवी गंमत काढून बसला तर दिग्दर्शक काय म्हणतो, ते कुठल्याही युनिटमधल्या माणसाला विचारा. मेबल पुरुष असती तर त्याच प्रसंगाला आपण ‘दिग्दर्शकाची शिस्त’ म्हटलं असतं.

आणि त्या भांडणानंतर? दोघांनी एकत्र कामं केली, चांगली केली. ‘कॉट इन अ कॅबरे’ त्याच महिन्यात आला. लॉरेल-हार्डी ही जोडी जमायला अजून बारा-तेरा वर्षं होती, तेव्हाची ही जोडी. वर्षाअखेरीस मेरी ड्रेसलरला मध्यभागी ठेवून सेनेटने सहा रिळांचा ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ काढला. त्यातही चॅप्लिन आणि मेबल भामट्यांची जोडी आहेत. दोघं चित्रपटगृहात बसतात, पडद्यावर त्यांच्याच लबाडीसारखी गोष्ट चालू होते आणि मेबलचा चेहरा हळूहळू उतरत जातो, तेवढंच दृश्य बघितलंत तरी माझं म्हणणं कळेल.

प्रश्न : मी अभिनयाचं शिक्षण घेते आहे. मूकपटांतला अभिनय मला फार मोठ्ठा, हातवारे करणारा वाटतो. मेबलकडून काय शिकावं?

तुझी तक्रार बऱ्याच जणांबाबत बरोबर आहे. कीस्टोनचाच नट फोर्ड स्टर्लिंग बघ, माणूस नुसता उड्या मारतो, दात विचकतो. त्याच चौकटीत मेबल उभी असेल तर तुझी नजर कुणाकडे जाते ते तपास. ती कमी हलते. आजूबाजूला हाणामारी चाललेली असताना ती अर्धा क्षण थांबते, विचार करते आणि तो विचार डोळ्यांत दिसतो. कधी हळूच कॅमेऱ्याकडे बघते, म्हणजे आपल्याकडे. आता बघा हं काय करते ते, असं काहीसं. प्रेक्षकाला कटात ओढून घ्यायची ही युक्ती पुढे कितीतरी विनोदवीरांनी भरपूर वापरली.

‘मेबल्स ब्लंडर’ (१९१४) बघ. अभिनय तिचा, दिग्दर्शनही तिचं; २००९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तो जतनासाठी घेतला गेला. ती कचेरीत टायपिस्ट आहे, लग्न ठरलंय साहेबाच्या मुलाशी आणि साहेबही तिच्यावर डोळा ठेवून आहे. ठरलेला नवरा दुसऱ्याच एका बाईला मिठी मारताना दिसतो, तेव्हा ती ड्रायव्हरचे कपडे चढवून त्यांच्या मागावर जाते. (ती बाई त्याची बहीण निघते, हे आपल्याला आधीच कळलं तरी बिघडत नाही.) मिठी बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच येत नाही. मग राग. मग रडू येईल असं वाटतं आणि त्याऐवजी कल्पना सुचते. हा क्रम तोडून तोडून बघ, आवाज नाहीच, त्यामुळे मोजायला सोपं. तिचे हात बघ, बहुतेक वेळ ते शरीराजवळ असतात.

दुसरा ‘द एक्स्ट्रा गर्ल’ (१९२३), कारकिर्दीतला उशिराचा. खेड्यातली सू ग्रॅहम नटी व्हायला हॉलिवूडला येते, कारण दुसऱ्याच सुंदरीचा फोटो तिच्या नावाने स्टुडिओत पोचलाय. तिथे तिला काम मिळतं ते कपडेपटात. त्यात ती सिंहाला दोरी बांधून स्टुडिओभर फिरवते, तिला वाटतं की सिंहाच्या कातड्यात कुत्रा आहे. सगळेजण सिंहासाठी तो चित्रपट लक्षात ठेवतात. तू तिची पडदाचाचणी बघ. गंभीर भूमिका करायला ती जीव तोडून धडपडते आणि बघणारे हसतात. वाईट अभिनय चांगला करून दाखवणं किती कठीण, हे तुला मी सांगायला नको.

प्रश्न : स्वतःच्या नावाची कंपनी होती म्हणतात. मग तिच्याकडे सत्ता होती की नाही?

दारावर नाव होतं. १९१६मध्ये सेनेटने ‘मेबल नॉर्मंड फीचर फिल्म कंपनी’ काढली, लॉस एंजेलिसमध्ये वेगळा स्टुडिओ दिला. त्या कंपनीतून चित्रपट निघाला एकच, ‘मिकी’. खाणीच्या मुलखात वाढलेली दांडगट पोर न्यूयॉर्कच्या श्रीमंत नातेवाइकांकडे जाते, खाण फुसकी आहे कळल्यावर ते तिला मोलकरीण करतात, आणि मग घोड्यांची शर्यत, छपरावरचा पाठलाग. चित्रीकरण १९१६-१७चं, प्रदर्शन थेट १९१८च्या ऑगस्टमध्ये. आला तेव्हा तुफान चालला. नायिकेच्या नावावर गाणं निघालं, त्याच्या छापील प्रतींवर तिचा फोटो. पण तोवर ती वैतागून सॅम्युएल गोल्डविन या निर्मात्याकडे निघून गेली होती. सेनेटशी होऊ घातलेलं लग्नही मोडलं होतं. त्याबद्दल इतक्या कहाण्या आहेत की कुठलीच सांगावीशी वाटत नाही.

गोल्डविनकडे तिने १९१८ ते १९२१-२२ या काळात डझनाहून जास्त लांब चित्रपट केले. त्यातले बहुतेक आज नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. पेट घ्यायची, नाही घेतला तर कुजायची, आणि बोलपट आल्यावर मूकपटांना कोठारात जागा अडवू द्यायला मालक तयार नसत. म्हणजे मेबलच्या ऐन भरातली वर्षं आपण बघूच शकत नाही, आणि पोरवयातले कीस्टोनचे तुकडे बघून तिला धांगडधिंग्यात जमा करतो.

अधूनमधून काही सापडतं. ‘द फ्लोअर बिलो’ नेदरलँड्समध्ये मिळाला. तिच्या सुरुवातीच्या दिग्दर्शनातला ‘वन इन अ क्लॉझेट’ २०१०मध्ये न्यूझीलंडच्या संग्रहात सापडला. न्यूझीलंडमध्येच का? जगभर फिरत फिरत प्रत तिथे सर्वांत शेवटी पोचायची, आणि झिजलेली प्रत बोटीने परत मागवण्यात कंपनीला फायदा नव्हता. म्हणून ती तिथेच पडून राहिली.

प्रश्न : विल्यम डेस्मंड टेलरचा खून मेबलनेच केला का? एका व्हिडिओत तसं स्पष्ट म्हटलंय.

नाही. दिग्दर्शक टेलर तिचा मित्र होता, दोघांना पुस्तकांचा नाद. १ फेब्रुवारी १९२२च्या संध्याकाळी ती त्याच्या घरून निघाली, तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला, दुसऱ्या दिवशी सकाळी नोकराला त्याचं प्रेत दिसलं. गोळी लागली होती. गुन्हा आजवर उलगडलेला नाही आणि मेबलवर आरोप ठेवला गेला नाही. व्हिडिओवाल्याला हे ठाऊक असणारच.

तिचं नुकसान कशाने झालं, ते सांगण्यासारखं आहे. आधीच्या सप्टेंबरात तिचा पडद्यावरचा जोडीदार आर्बकल एका नटीच्या मृत्यूच्या प्रकरणात अडकला होता. शेवटच्या खटल्यात निर्दोष सुटला, तरी पडद्यावरून बरीच वर्षं दूर फेकला गेला. वर्तमानपत्रांना हॉलिवूडची चटक लागली होती आणि टेलर प्रकरण आयतंच हाती आलं. पुढे १ जानेवारी १९२४ला मेबलच्या ड्रायव्हरने तिच्याच पिस्तुलाने कोर्टलँड डाइन्स नावाच्या धनिकावर गोळी झाडली. तो वाचला, ड्रायव्हर सुटला. मेबलच्या हातून काहीच घडलं नव्हतं, तरी काही शहरांत तिच्या चित्रपटांवर बंदी आली. गोळ्या दुसऱ्यांनी झाडायच्या आणि तिकीटबारी हिची बंद, असा तो न्याय. ‘द एक्स्ट्रा गर्ल’ नेमका तेव्हा चालू होता.

प्रश्न : बोलपटात ती का आली नाही? आवाज चांगला नव्हता का?

तब्येत राहिली नव्हती. १९२५मध्ये नाटक करून बघितलं, जमलं नाही. १९२६मध्ये निर्माता हॅल रोचने तिला बोलावलं आणि काही छोटे चित्रपट झाले. ‘रॅगडी रोज’च्या लेखनात स्टॅन लॉरेल होता. ‘द निकल-हॉपर’मध्ये ती पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणारी मुलगी आहे; तिथे ढोल बडवणारा जाडा म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि लंपट गिऱ्हाईक म्हणजे बोरिस कार्लोफ, दोघंही पुढे गाजले, पण तेव्हा अजून कुणीच नाहीत. मेबल थकलेली दिसते, पण वेळ साधणं तसंच अचूक. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने लू कोडीशी लग्न केलं, जो ‘मिकी’त खलनायक होता. मग क्षय. २३ फेब्रुवारी १९३०ला कॅलिफोर्नियात मोनरोव्हियाच्या आरोग्यधामात ती गेली. वय सदतीस.

प्रश्न : नातवंडांना मेबलचा एखादा चित्रपट दाखवायचाय. कुठला दाखवू?

‘फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट’, १९१६चा. नवं लग्न झालेल्या जोडप्याचं समुद्रकाठचं घर खलनायक रात्रीतून पाण्यात ढकलतो आणि सकाळी पलंग तरंगत असतो. मुलं खूश होतील. त्याआधी एक जागा आहे, झोपलेल्या मेबलवर आर्बकलची सावली वाकते आणि तिचं चुंबन घेते. तिथे मोठ्यांनी गप्प बसावं. जालावर फुकट मिळतो, पण प्रत पारखून घ्या. माणसं मुंग्यांसारखी पळताना दिसली तर वेग चुकीचा आहे, दुसरी प्रत शोधा. आणि मूळ चित्रपट तीन रिळांचा, अर्ध्या तासाहून थोडा जास्त आहे. दहा-पंधरा मिनिटांत संपला तर समजा की कुणीतरी कापलाय, आणि कापणारे बहुतेक वेळा पाठलाग ठेवतात, सावली काढून टाकतात.